पुढचे दात

१० नोव्हेंबर १९७९, शनिवार

शी! दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्यावर माणसाने जेवायला बसू नये. डॉ. टंडन यांच्या खुर्चीला लागून एक चिनीमातीचं भांडं आहे. त्यात आधीच्या पेशंटचं रक्त, पानाची लाल थुंकी, सगळं तसंच. आमच्या चिरंजीवांना त्यातच चूळ भरायला लावली. मी घरी येऊन नुसतं ताक प्यालो.

जायची हौस शुभदाची. दत्तू आता साडेआठ वर्षांचा. वरचे दोन दात पुढे आलेत हे खरं. दोघांच्या मध्ये फट आहे, ओठ पुरता मिटत नाही, झोपेत तोंड उघडं राहतं. पण म्हणून काय आभाळ कोसळलं? गेला महिनाभर हिची भुणभुण, आताच दाखवू या, आताच दाखवू या. म्हटलं, चल बाई, एकदाचं दाखव आणि मला मोकळा कर.

टंडननी तोंडात टॉर्च मारला न मारला आणि सांगितलं, बारा-तेरा वर्षांचा होऊ द्या. दुधाचे सगळे पडू देत, पक्के येऊ देत, मग तार बसवू. आत्ता हात लावण्यात अर्थ नाही. मी शुभदाला म्हटलं, ऐकलंस? ती रिक्षात घरापर्यंत बाहेर बघत बसली. तोंड फुगवायला काय झालं कळत नाही. मुलगा आहे. त्याला काय कुणी बघायला येणार आहे?

१८ नोव्हेंबर

नाइट ड्यूटी करून आलो. अमौसीच्या विमानतळाहून चारबाग स्टेशन, चारबागेहून टेम्पोत कोंबून महानगरात घरी. शेजारच्याने माझ्या खांद्यावरून बाहेर पिचकारी मारली आणि वर म्हणतो, माफ कीजिएगा. काय अदब! या शहराचा मला उबग आलाय. अदबीने थुंकतात.

सात वर्षं झाली इथे, पण आमचं आडनाव एकालाही म्हणता येत नाही. गोळेचं 'गोले साहब' करून ठेवलंय. ळ यांच्या जिभेला वळतच नाही. एक मात्र कबूल केलं पाहिजे. दत्तूला सगळी गल्ली त्याच्या घरच्या नावाने हाक मारते. खालची पोरं, घरमालक श्रीवास्तवांची सून, इतकंच काय, सब्जीवालासुद्धा. इथल्या पद्धतीप्रमाणे जरा नाकात म्हणतात, पण म्हणतात. माझ्या वडिलांचं नाव इतक्या लांब परमुलखात रोज शंभर तोंडी आहे, हे मला बरं वाटतं. घरात म्हणणारा मी एकटाच. सासऱ्यांचं नाव म्हणून शुभदा घेत नाही, ती 'बाळ' म्हणते.

२४ नोव्हेंबर

आणखी एक डॉक्टर. कपूरथला बाजारात वरच्या मजल्यावर डॉ. निगम म्हणून बाई बसतात. शुभदाने परस्पर वेळ ठरवली आणि मला फरफटत नेलं. इथलं भांडं स्वच्छ होतं एवढं म्हणतो.

बाईंचं म्हणणं वेगळंच. टंडन चुकीचं सांगत नाहीत म्हणाल्या. खरी तार बाराच्या आसपास, पक्के दात आल्यावरच बसते. पण दात इतके पुढे असतील आणि ओठ त्यांना झाकत नसेल तर आठव्या-नवव्या वर्षीच काढता-घालता येणारी प्लेट देऊन ते थोडे आत घ्यावेत. नाहीतर मूल पडतं, चेंडू लागतो, आणि दात तुटतो तो कायमचा. शिवाय मुलाला त्या दातांचा त्रास होत असला तर तेही एक कारण आहे. मी म्हटलं, त्याला कसला त्रास? खातो, पितो, हुंदडतो.

मग बाईंनी त्यालाच नाव विचारलं. बेट्याने मान खाली घातली. आठ वर्षांचा घोडा, स्वतःचं नाव सांगता येत नाही! शेवटी मीच खणखणीत सांगितलं, "दत्तू. सब दत्तू ही कहते हैं." तिथला कंपाउंडर तोंड फिरवून फिदीफिदी हसला. बाईंनी त्याला बाहेर पाठवलं हे ठीक केलं, पण नंतर माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मीच त्यांच्या फरशीवर थुंकलो. विचारतात, घर में भी यही कहते हैं? मी म्हटलं, मग काय, घरातूनच तर सुरू झालं.

 मी उठलो. एक म्हणतो बारा, एक म्हणते आठ. यांचं यांनाच ठरत नाही आणि पोराच्या तोंडाचा घोर मात्र मला. बारा म्हणजे बारा. जिन्यात शुभदा म्हणाली, "तुम्ही दगड आहात." लग्नाला दहा वर्षं झाली, असं कधी बोलली नव्हती.

१६ डिसेंबर

आज रागाने डोकं भणभणतंय. मी हाक मारली तर चिरंजीव ओ देईनात. जवळ जाऊन कान धरला तर हिंदीत म्हणतो, "मुझे दत्तू मत बुलाया कीजिए." कुठलं नाव पाहिजे मग? म्हणे राजू. राजू! आजोबांच्या नावाची लाज वाटते याला. मराठीत विचारलेल्याचं हिंदीत उत्तर देतो ते मी आजवर खपवून घेतलं, पण आता हे नवीनच. आमचे तीर्थरूप वाईला चाळीस वर्षं शिक्षक होते. त्यांचं नाव सांगितलं की लोक उठून उभे राहायचे. आणि हा कार्टा राजू होणार.

शुभदा मध्ये पडली. हळूच म्हणाली, म्हणू नका ना नाही आवडत तर. हिचीही फूस दिसते. वैताग आहे नुसता.

२३ डिसेंबर

मी उपाय काढलाय. ज्याची लाज वाटते ते चारचौघांत ऐकायची सवय लागली पाहिजे. ड्यूटी नसेल तेव्हा संध्याकाळी गच्चीवर जातो आणि मैदानाकडे तोंड करून मोठ्याने हाक मारतो, दत्तूऽऽ! आवाज माझा पहिल्यापासून पल्लेदार. आज खाली खेळणाऱ्या सगळ्या पोरांनी ती उचलली आणि माझ्याच चालीवर ओरडू लागली. मैदान दुमदुमलं. आमचे चिरंजीव बॅट टाकून खालमानेने घरी आले. येऊ देत. होईल सवय.

१४ जानेवारी १९८०

संक्रांत. शुभदाने हलवा आणि तिळाचे लाडू केले, पण मुलगा कुणाकडे तिळगूळ द्यायला जाईना. श्रीवास्तवांकडे तरी जा म्हटलं तर दारात उभं राहून तोंडावर हात धरून पुटपुटला आणि पळत आला. हे तोंडावर हात धरायचं नवीन खूळ. बोलताना हात, हसताना हात, जेवतानाही डावा हात वर. अन्न हाताला लागतं, तो हात चड्डीला पुसतो. बघून किळस येते. आज दोनदा फटका मारून हात खाली केला. तिसऱ्यांदा शुभदा ताट घेऊन त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. सणाच्या दिवशी मी एकटा जेवलो.

२९ जानेवारी

धुकं. विमानं उतरत नाहीत, रेडिओवर नुसती खरखर. त्या खरखरीतून वैमानिकाचं एक अक्षर माझ्याकडून सुटत नाही. आज आमचे ऑफिसर सगळ्यांसमोर म्हणाले, गोले साहब के कान सोने के हैं. घरी येऊन शुभदाला सांगितलं. तिने 'हो का' म्हटलं आणि तांदूळ निवडत राहिली.

९ फेब्रुवारी

वा! आज मला खरंच समाधान वाटतंय. दत्तूच्या दातांमधली फट जवळजवळ गेली. सकाळी तो चूळ भरताना माझ्या लक्षात आलं. दोन्ही दात एकमेकांना चिकटलेत. ना प्लेट, ना तार. मी शुभदाला बोलावून दाखवलं. वाढत्या वयात शरीर आपोआप जुळवून घेतं हे मी पहिल्यापासून सांगतोय. त्या निगमबाईंचं ऐकलं असतं तर वर्षभर तोंडात प्लॅस्टिक कोंबून लाळ गाळत बसला असता.

पोरालाही आनंद झालेला दिसला. मला विचारलं, "बाबा, सच में कम लग रहे हैं?" आपण होऊन माझ्याशी बोलला, कितीतरी दिवसांनी. मी पाठीवर थाप मारली.

३ मार्च

होळी झाली. दोन दिवस जिन्यात रंग, चिखल, ओकाऱ्या. शिसारी आली. दत्तू खाली उतरलाच नाही. दात दुखतो म्हणाला. पाहिलं तर पुढचे दोन दात आधीपेक्षा लांब दिसतात. वाढीचं वय आहे, दातही वाढणारच. शुभदा म्हणते, डॉक्टरांना दाखवू. हिला दुसरं काही सुचत नाही.

२३ मार्च

घरात वास सुटलाय. आधी मला वाटलं मोरीत उंदीर मेलाय. मोरी धुतली, फिनेल टाकलं. वास दत्तूच्या तोंडाचा आहे. उशीला रक्त. वरची हिरडी सुजून जांभळी झालीय आणि दाबली की पू येतो. मला बघवेना. होळीच्या गुजिया, इथल्या करंज्या, चोरून खाल्ल्या असणार आणि दात घासले नसणार, दुसरं काय? मीठ आणि राईचं तेल बोटावर घेऊन मीच घासायला गेलो तर असा किंचाळला की श्रीवास्तव वर धावत आले. माझ्या बोटाखाली दोन्ही दात हलत होते. पक्के दात, आणि हलत होते.

शुभदा पर्स शोधू लागली. आज रविवार, दवाखाना बंद. उद्या सकाळीच जाणार.

२४ मार्च

जे झालं ते झालं तसं लिहितो.

डॉ. निगमनी एक्स-रे काढला, उजेडाकडे धरला. मग पोराला विचारलं, दाँतों पर कुछ बाँधा था, बेटा?  त्यांनी हिरडीत सुई देऊन ती बधिर केली, बाजूला सारली आणि चिमट्याने आतून काहीतरी ओढून बशीत टाकलं. मी वाकून पाहिलं. रबर होतं. मिठाईच्या खोक्यावर असतं तसलं बारीक रबर, काळं पडलेलं, पुवाने बरबटलेलं.  त्या स्वच्छ भांड्यात मी ओकलो.

बाईंनी त्याला थोडं थोडं विचारत सगळं समजावलं. दात आत जावेत म्हणून त्याने जानेवारीत कधीतरी दोन्ही दातांना मिळून रबर गुंडाळलं. दात वर निमुळता होत जातो, त्यामुळे रबर आपोआप वर सरकतं. हिरडीखाली गेलं की कुणाला दिसत नाही. याला वाटलं पडलं असेल. आत ते मुळाभोवती आवळत जातं आणि दाताला धरून ठेवणारं सगळं सोडवत जातं. बाहेरून फक्त एवढंच दिसतं की फट बुजली.

मी फट बुजली म्हणून पाठीवर थाप मारली होती.

मी त्याला विचारलं, कुणी शिकवलं तुला हे? त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. बधिर ओठांनी बाईंना सांगितलं, "बारह साल तक कैसे रहता? सब दंतू कहते हैं."

बाई म्हणाल्या, बच्चे तो कह देते हैं, बेटा.

"बाबा भी कहते हैं. छत से."

दंतू. ज्याचे दात पुढे असतात त्याला हे लोक दंतू म्हणतात. दत्तू नव्हे. सब्जीवाला, श्रीवास्तवांची सून, खालची पोरं, कुणीही कधी दत्तू म्हटलंच नव्हतं. मी घाईघाईने सांगू लागलो की अरे, मी दत्तू म्हणतो, आजोबांचं नाव आहे, आपल्याकडे दत्तात्रयाला... तो शब्द माझ्या तोंडून आला तसा त्याने तोंडावर हात घेतला. बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं, जसं त्या दिवशी कंपाउंडरला सांगितलं होतं.

दोन्ही दात बारीक तारेने शेजारच्या दातांना बांधलेत. राहतील का, सांगता येत नाही.

२५ मार्च

रजा टाकली. शुभदाला विचारलं, तुला ठाऊक होतं?

"हो. म्हणून तर डॉक्टरकडे जाऊ या म्हणत होते."

मग मला सांगितलं का नाहीस?

ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. एवढे कान तुमचे! मला वाटलं, पोर टणक व्हावं म्हणून मुद्दाम मारता हाका."

दहा वर्षं माझ्याबरोबर संसार करून बाईला मी असा वाटलो! स्वतःच्या पोराला गच्चीवरून चिडवणारा! मी खूप बोललो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, भात मऊ करायचाय त्याच्यासाठी, सरका.

११ एप्रिल

डावा दात गेला. काढावा लागला नाही, तार सैल करताना बाईंच्या बोटात आला. रडला नाही. घरी येताना रिक्षात शुभदाच्या मांडीवर झोपला. इतकं मोठं मूळ असतं दाताला, मला कल्पना नव्हती.

उजवा अजून धरून आहे.

१८ मे

उजवा दात वाचला असं बाई आज म्हणाल्या. गेलेल्याच्या जागी खोटा दात लावलेली प्लेट देणार आहेत, शेजारचे दात त्या जागेत कलू नयेत म्हणून. बाराव्या वर्षी तार. मी सगळ्याला हो म्हटलं.

दुपारी तो मैदानातून धावत वर आला आणि स्वयंपाकघरात शुभदाला ओरडून सांगू लागला. पोरांनी त्याचं नाव बदललंय. मधला दात नाही, आरपार दिसतं, म्हणून आता त्याला खिड़की म्हणतात. सांगताना हसत होता. हात खाली, तोंड सताड उघडं, ते लाल भगदाड दिसत होतं. मला ते बघवेना आणि नजरही काढवेना. काय औलाद आहे ही खालची! कुणाचं काही तुटलं की यांना नाव सापडतं. मी चप्पल शोधू लागलो, एकेकाच्या बापाला गाठतो म्हणून. त्याने माझा शर्ट धरला.

"नहीं बाबा, खिड़की अच्छा है."

चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने मला हात लावला. मी चप्पल ठेवून दिली.

संध्याकाळी पानं घेतली तरी तो खालीच. शुभदा म्हणाली, बोलवा त्याला. मी गच्चीवर गेलो, कठड्याशी उभा राहिलो. पोरं खेळत होती. दत्तू म्हणवेना. त्यांचं ते खिड़की मी मेलो तरी म्हणणार नाही. राजू म्हणावं, तर तेही त्याने डिसेंबरात मागितलं होतं, तेव्हा दिलं नाही. खालून एकदोघांनी वर पाहिलं आणि माझ्या हाकेची वाट बघत थांबले. 

मग जिना उतरून मैदानाच्या कडेला गेलो. तो पाठमोरा होता, बोलिंग टाकत होता. त्याचं लक्ष जाईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.